सातव्या टाकीची खोडलेली ओळ

१

"चुकलेली ओळ गिळू नको गो पोरी. बोल, नि मार."

जांभूळ गावच्या माईचा हा आवाज शलाकाने ऐकला, त्याला आता जन्म लोटला. माई धवलारीण. लग्नाच्या मांडवात बसून धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरींना तो शिकवायची. एखादी पोर चुकली की माई ती ओळ टाळून पुढे जात नसे. चुकलेली ओळ स्वतः अख्खी म्हणायची आणि म्हणता म्हणता पाटावर खाडकन थाप मारायची. ओळ मेली. मग खरी ओळ. "चूक ठावकी नसंल तर पुन्हा तिच्याच वाटंनं जाशील," असं तिचं शास्त्र होतं.

शलाका धवलारीण झाली नाही, वकील झाली. कोर्टात कमी, कारखान्यांत जास्त. कामगारावर आरोप ठेवला की त्याची रीतसर चौकशी करावी लागते, आणि ती बाहेरच्या माणसाने केलेली बरी दिसते. असा बाहेरचा माणूस हवा असला की अंबरनाथच्या एमआयडीसीत बदलापूरच्या शलाका वकिलांचं नाव निघायचं. ती काय लिहील त्यावर एखाद्या घरची चूल ठरायची, म्हणून ती जपून लिहायची.

त्या सकाळी तिच्यासमोर कैलास बसला होता. वांगणीचा, चाळिशीतला, डाव्या मनगटाला अजून पट्टी. रंगाची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात ऑपरेटर. दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एका दुपारी त्याने सातव्या टाकीत पाणी सोडलं, तेव्हा टाकी अजून तापलेली होती. आत वाफेचा भडका झाला आणि झाकणापाशी उभा असलेला त्याचा हेल्पर आकाश दोन्ही हातांनी भाजला. आकाश वाचला, पण तो कैलासच्याच आळीतला, आणि त्याची आई आता कैलासच्या दारावरून जाताना पदर तोंडावर घेते. कारखान्याने कैलासला बडतर्फ करायचं ठरवलं होतं. फक्त शलाकाची सही राहिली होती.

"सातवी टाकी तुमची नव्हती ना?" शलाकाने विचारलं.

"नाय मॅडम. माझी दुसरी शेड. तिथला माणूस सुट्टीवर गेला म्हणून मला उभा केला. मी टाकीवरचा कागद वाचला. कागदात होतं तसं केलं."

कारखान्याची बाजू मांडायला पर्सोनेलच्या किर्ती मॅडम बसल्या होत्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद टेबलावर सरकवला. "हाच तो कागद. त्याच संध्याकाळी सिक्युरिटीनं टाकीवरून काढून सील केला."

शलाकाने वाचला. टाकी कशी धुवायची त्याच्या सूचना. मधोमध एकाखाली एक दोन ओळी होत्या.

टाकी ७ रिकामी होताच पाण्याचा व्हॉल्व्ह उघडावा.

तापमानाचा काटा हिरव्या खुणेवर येईपर्यंत थांबावे. त्यानंतरच पाणी सोडावे.

त्यातल्या पहिल्या ओळीवर एक लालभडक रेघ मारलेली होती. आंधळ्यालाही दिसेल अशी.

"ही खोडलेली ओळ तुम्ही पाळलीत?" शलाका म्हणाली.

कैलासने कागदाकडे नीट पाहिलं. मग मान हलवली.

"मॅडम, ती रेघ तेव्हा नव्हती."

२

"नव्हती म्हणे!" क्वालिटीच्या राजसीने शेडकडे चालता चालता हात उडवले. वय तिशीच्या आत, बोलणं भराभर. "रेघ काय पाल आहे का, आली आणि गेली?"

"मुळात खोडलेली ओळ कागदावर ठेवायचीच कशाला?" शलाकाने विचारलं.

"ते हेमचंद्र सरांना विचारा. प्रॉडक्शन मॅनेजर. टाक्यांच्या सगळ्या सूचना त्यांनी लिहिल्यात. पद्धत बदलली की जुनी ओळ पुसायची नाही, लाल रेघेनं खोडायची आणि नवी खाली लिहायची. का, तर कामगाराला कळलं पाहिजे की आधी असं करत होतो आणि ते चुकीचं होतं. नवे मालक म्हणाले, पुसून टाका. सर म्हणाले, माझ्या जागेवर दुसरा आणा. विषय संपला."

"आणि ते मालक बदलले म्हणून कागद पण बदलले?"

"हो. कंपनीचं नाव बदललं. म्हणजे प्रत्येक टाकीचा कागद नव्या नावानं काढायचा. एकेक टाइप करत बसले असते तर म्हातारी झाले असते. उल्हासनगरच्या अनीशला काम दिलं. त्यानं स्क्रिप्ट लिहिली. सरांच्या मूळ फायली घ्यायच्या, नाव, टाकीचा नंबर, तारीख आपोआप भरायची, नवी फाइल तयार. नवरात्रात सगळे कागद लागले."

शेडमध्ये टाक्या ओळीने उभ्या होत्या, हळदीच्या नवऱ्या बसाव्यात तशा. प्रत्येकीच्या पोटावर लोखंडी क्लिपमध्ये एक कागद. शलाका एकेक वाचत गेली. जिथे ओळ खोडलेली तिथे रेघ जागच्या जागी होती. आणि रेघेची एक लकब होती. ती शब्दाशब्दावर मारलेली, दोन शब्दांमधली जागा सोडून.

"ही पण सरांचीच तऱ्हा," राजसी हसली. "एकेक शब्द निवडून खोडतात. मी एकदा म्हटलं, सर, अख्खी ओळ एकदम खोडा ना. तर म्हणाले, मधल्या मोकळ्या जागेनं काय गुन्हा केलाय?"

शलाकाही हसली, आणि हसता हसता थांबली. पिशवीतल्या कागदावरची रेघ तिला आठवली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होती.

तिने पुढच्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे हळदीचं एक बोट उमटलेलं होतं आणि त्याखाली कुंकवाचं.

"दसऱ्याचं," राजसी म्हणाली. "टाकी, मोटर, पंप, सगळ्यांची पूजा होते. कागदालाही लावतात. सुटत काही नाही. माझ्या कॅल्क्युलेटरलाही लावलं होतं."

"सगळ्या कागदांना?"

"एक सुटला तर कामगार ऐकून घेणार नाहीत. दसऱ्याला टाकी उपाशी राहिली म्हणतील."

शलाकाने पर्समधून फोन काढून सातव्या टाकीच्या कागदाचा फोटो पाहिला. चारही कोपरे बघितले, मोठे करून बघितले.

हळद नाही. कुंकू नाही. कागद कोरा करकरीत.

३

हेमचंद्र साठीला टेकलेले. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. दिवाळीनंतर निवृत्त व्हायचे होते, आणि टेबलावरचं सामान अर्धं खोक्यात गेलं होतं. त्यांनी शलाकाला बसायला सांगितलं आणि तिच्यासाठी चहा मागवला.

"कैलास कसा माणूस आहे?" तिने विचारलं.

"चांगला आहे." उत्तर लगेच आलं. "पावसात शेडमध्ये पाणी शिरलं होतं, तेव्हा रात्रपाळी सोडून गेला नाही असा माणूस."

"मग असा माणूस रेघ दिसत असताना खोडलेली ओळ पाळेल?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणूस चुकतो, मॅडम. मी किर्तीला म्हटलंय, ताकीद द्या आणि सोडा. बडतर्फीपर्यंत जाईल असं मला वाटलं नव्हतं."

"सातव्या टाकीच्या कागदावर दसऱ्याचं कुंकू नाही."

"वाफ केवढी झाली त्या दिवशी! धुतलं गेलं असेल."

"कुंकू धुतलं जातं. पण कागदाला एक सुरकुती नाही, शाई कुठे फुटलेली नाही. वाफ निवडून निवडून कुंकूच घेऊन गेली म्हणायची."

हेमचंद्रांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही वकील. तुम्हाला कागदात माणूस दिसतो. मला टाकीत दिसतो."

"त्या दुपारी कोण कुठे होतं?"

"राजसी आकाशला कंपनीच्या गाडीतून उल्हासनगरच्या हॉस्पिटलात घेऊन गेली, ती अंधार पडल्यावर परतली. कैलासला गेटच्या ऑफिसात बसवून पट्टी केली. बाकी पोरांना मी बाहेर काढलं."

"आणि अनीश?"

"त्याला गेटच्या आत सोडतच नाहीत. राजसी त्याला चहाच्या टपरीवर भेटते."

"मी म्हणते, अनीशला बोलवावं आणि ती स्क्रिप्ट पुन्हा चालवून बघावी."

"कशाला?" हेमचंद्रांचा आवाज एकदम चढला, मग त्यांनीच तो उतरवला. "फाइल आहे ना कॉम्प्युटरवर. उघडून बघा. रेघ आहे."

त्यांनी फोल्डर उघडून दिला. तो राजसी आणि हेमचंद्र, दोघांनाच उघडता यायचा. सातव्या टाकीची फाइल पडद्यावर आली. रेघ होती. लाल आणि सलग.

शलाकाने चहा संपवला. आता स्क्रिप्टही निर्दोष होती, फाइलही आणि कागदही. दोषी उरला तो एकटा कैलास. उठताना तिने हेमचंद्रांच्या मूळ फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घेतली.

४

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये शिलाईच्या दुकानाच्या वर अनीशची खोली. खाली जीन्सच्या पँटी गठ्ठ्यांनी शिवल्या जात होत्या आणि त्या खडखडाटाने वर त्याचा कीबोर्डही थरथरत होता.

"मॅडम, अपनी स्क्रिप्ट एकदम साफ आहे," अनीशने छातीवर हात ठेवला. सिंध्याचा पोर; मराठी झकास, फक्त जोर आला की हिंदीत घसरायची. "मी चेक केली होती. दोन-तीन कागद उघडून बघितले. रेघ है का? है. बात खतम. धंद्यात नाव खराब करून मी काय खाणार?"

त्याने पेन ड्राइव्हवरची एक मूळ फाइल स्क्रिप्टमध्ये घातली. क्षणात नवा कागद पडद्यावर आला. नवं नाव, नंबर, तारीख. खोडलेली ओळ खोडलेलीच. शब्दाशब्दावर रेघ.

"देखा?"

शलाका पडद्याकडे बघत होती, पण कानात पाटावरची थाप वाजत होती. एका मांडवात माई तापाने फणफणली होती. चुकलेल्या ओळीवर तिचा हात उठलाच नाही. मागे बसलेल्या पोरींनी ती ओळ खरी समजून उचलली आणि सगळा मांडव चुकीचा धवला गात राहिला. ओळ तीच होती. फक्त थाप गेली होती.

"आता सातव्या टाकीची चालवा," ती म्हणाली.

"सेमच येणार."

"येऊ द्या."

अनीशने बटण दाबलं. कागद आला. तो हसत वळणार होता, तो तसाच राहिला.

टाकी ७ रिकामी होताच पाण्याचा व्हॉल्व्ह उघडावा.

साधी काळी ओळ. इतर ओळींसारखी. रेघ नव्हती, लालही नव्हतं.

"हे कैसे..." त्याने पुन्हा चालवून पाहिली. पुन्हा तेच. खालच्या मशीनी खडखडत राहिल्या. मग त्याने कपाळाला हात लावला. "समजलं. मॅडम, वर्डमध्ये वाक्य एक सलग कपडा नसतं. तुकडे जोडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याचा आपला रंग, आपली रेघ. एक शब्द बदलायचा तर त्या तुकड्याच्या आत शिरून बदलायला पाहिजे. मी शॉर्टकट मारला. जिथे नंबर भरायचा तो पॅरा अख्खा उचलला, नंबर टाकला आणि पुन्हा ओतला. अक्षरं आली, कपडे खाली पडले."

"मग बाकीच्या कागदांवर रेघ कशी राहिली?"

"कारण त्यांच्या खोडलेल्या ओळीत भरायचं काहीच नाही. स्क्रिप्टनं त्या ओळींना हातच लावला नाही. नंबर असतो वर मथळ्यात, आणि मथळ्याचा जाडपणा पॅराच्याच स्टाइलला बांधलेला, म्हणून तो पण टिकला. फक्त सातव्या टाकीत सरांनी खोडलेल्या ओळीच्या पोटात टाकीचा नंबर लिहिलाय. आणि मी नेमका तोच कागद नाही उघडला." त्याचा आवाज बारीक झाला. "मॅडम, तो जळालेला पोरगा... तो माझ्यामुळे?"

"ते मी ठरवीन. आधी बाकीचे सगळे कागद मूळ फायलींशी ताडून तपासा. आणि आत्ता राजसीला फोन करा. असा आणखी एखादा निघाला तर आजच उतरवायला सांगा."

त्याने फोन लावला. राजसीचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "काय? थांब, मीच येते. स्क्रिप्ट घेऊन बस, कुठे जाऊ नकोस!" जिने काही लपवलं असेल ती बाई अशी धावत येत नाही, शलाकाने मनात नोंदवलं.

कैलास खरं बोलत होता. त्या दुपारी कागदावर रेघ नव्हती.

मग संध्याकाळी ती कोणी आणली?

५

शेवटच्या बैठकीला सगळे होते. कैलास दाराजवळच्या खुर्चीत, किर्ती समोर, राजसी आणि अनीश एका बाजूला. अनीशला पहिल्यांदाच गेटच्या आत घेतलं होतं आणि तो चोरट्यासारखा अंग आखडून बसला होता. हेमचंद्र सगळ्यांत शेवटी आले आणि टेबलाच्या टोकाला बसले.

शलाकाने स्क्रिप्ट त्यांच्यासमोर चालवायला लावली. साधी काळी ओळ भिंतीवरच्या पडद्यावर उमटली. कैलासने फक्त एकदा डोळे मिटले.

"कैलासनं हा कागद वाचला," शलाका म्हणाली. "टाकीचा नेहमीचा माणूस कागद बघतच नव्हता, त्याला सगळं पाठ, म्हणून नवरात्रापासून कुणाच्या लक्षात आलं नाही. हा कागद टाकीवर होता आणि त्याला हळदकुंकू लागलेलं असणार. सील केला तो दुसराच. त्याला कुंकू नाही, कारण तो दसऱ्यानंतर छापलाय. अपघातानंतर आणि सिक्युरिटी यायच्या आधी."

"कुणी?" किर्तीने विचारलं.

"अनीशला गेटच्या आत कधी सोडलेलंच नव्हतं. शिवाय त्याला चूक माहीत असती तर त्यानं माझ्यासमोर स्क्रिप्ट इतक्या मजेत चालवली नसती. कैलास गेटवर सिक्युरिटीच्या नजरेखाली होता. ती फाइल दोघांच्याच फोल्डरमध्ये, आणि त्यातली राजसी हॉस्पिटलात."

आता सगळे एकाच माणसाकडे बघत होते.

"एका गोष्टीनं मी अडले होते," शलाका हळू बोलली. "हेमचंद्र सर शब्दाशब्दावर रेघ मारतात. त्या कागदावर ती सलग आहे. मला वाटलं, हा हात दुसऱ्याचा. मग वाटलं, हात तोच असेल, पण वेळ नसेल."

हेमचंद्रांनी खिशातलं लाल पेन काढलं, टेबलावर ठेवलं.

"वेळ नव्हता," ते म्हणाले. "पोराला गाडीत घातलं आणि मी टाकीपाशी गेलो. कागदावर रेघ नव्हती. सगळे म्हणत होते, जुन्या ओळी पुसा. मी हट्टानं ठेवल्या. आता म्हणतील, बघा. मी फाइल उघडली, रेघ मारली, छापली, लावली. आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या जागेवरून रेघ ओढली." ते पुढे म्हणाले, "मी खोटं काही लावलं नाही, मॅडम. मूळ होतं तेच लावलं."

"जुना कागद?"

"फाडून टाकला."

राजसीच्या तोंडून "सर!" एवढंच निघालं.

किर्तीने मात्र आपली फाइल मिटली नाही. "मॅडम, मला वाईट वाटतंय, पण आरोप शिल्लक राहतो. रेघ नव्हती, मान्य. मग कागदावर दोन उलट ओळी होत्या. एक म्हणते लगेच उघड, दुसरी म्हणते थांब. अशा वेळी ऑपरेटरनं काम थांबवून वरिष्ठांना विचारायचं, हा आमचा पहिला नियम. यानं न विचारता व्हॉल्व्ह उघडला. आकाश त्यामुळे भाजला. बडतर्फीला एवढं पुरे."

नियम खरा होता. शलाकाला तो ठाऊक होता. ती कैलासकडे वळली.

"दोन ओळी उलट आहेत, हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग विचारलं का नाही?"

कैलास पट्टीचं सुटलेलं टोक बोटाने आत खोचत राहिला.

"कैलास, तुमची नोकरी या उत्तरावर आहे."

"मॅडम, मला काय बोलायचं नाय."

"अरे बोल ना रे बाबा!" राजसी कळवळून म्हणाली. "गप्प राहून कुणाचं भलं करतोयस?"

त्याने मान वर केली. पण नजर शलाकाकडे गेली नाही, टेबलाच्या टोकाला गेली. रागाची नव्हती ती नजर. वाट बघून थकलेल्या माणसाची होती.

"काय काय गोष्टी ज्याच्या त्यानंच बोलायच्या असतात," तो म्हणाला. "माझ्या तोंडून बऱ्या दिसणार नाय."

किर्तीने पेन उचललं. शलाकाने हात वर करून तिला थांबवलं, आणि कुणाचं नाव न घेता ती थांबून राहिली. बाहेर पाळी बदलल्याचा भोंगा झाला.

हेमचंद्र उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"त्यानं विचारलं होतं," ते म्हणाले. "शेडच्या इंटरकॉमवरून, मला. म्हणाला, साहेब, कागदावर दोन्ही लिहिलंय, आधी काय करू? मी निरोप समारंभाचं भाषण लिहीत होतो. कागद मीच लिहिलाय, मला काय बघायचं, असं वाटलं. मी उठलो नाही." मग ते कैलासकडे वळले. "मी म्हणालो, वर लिहिलंय ते आधी कर."